मुलाला शाळेत सोडताना सांगून निघायचं की नजर चुकवून? (३ वर्षं ८ महिने, लहान गट)

बिल्लेवाली, सांगली | २४ जून, रात्री १०.५०

नमस्कार. मी इथं बरेच दिवस वाचते, लिहायची पहिलीच वेळ. मोबाइलवर लिहितेय, चुकलंमाकलं समजून घ्या.

मी एसटीत कंडक्टर आहे. नवरा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. घरी सासूबाई असतात. मुलगा एकच, ऑक्टोबरचा. १६ जूनपासून लहान गटात जातोय. शाळा साडेआठ ते साडेअकरा, घरापासून चालत दहा मिनिटं.

पहिल्या दिवशी मी रजा काढली होती. नवा रेनकोट, नवं दप्तर, डब्यात त्याच्या आवडीची तूप-साखर चपाती. वाटेत सगळ्यांना सांगत निघालेला, "मी शाळेला चाललोय." वर्गात गेल्या गेल्या त्याला लाकडी ठोकळे दिसले आणि माझा हात सोडून तो तिकडं गेला. बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "रमलाय तोवर निघा. सांगत बसलात तर रडेल, मग आम्हाला आवरायचा नाही." मला पटलं नव्हतं. पण बाईंनी इतकी मुलं बघितलीत, त्यांना जास्त कळत असणार, असं वाटलं. चपला हातात घेतल्या आणि निघाले.

फाटकाशी पोचले तेव्हा आतून त्याची हाक आली. "आई." मग थोडं थांबून पुन्हा, "आई." मी मोरीत असले की घरात मारतो ना, अगदी तशी. मी ओ देईन या खात्रीची. तिसऱ्या हाकेनंतर रडणं सुरू झालं. मी बाहेर पावसात उभी होते, छत्री हातात होती ती उघडायचंही सुचलं नाही. आत गेले नाही. ते अजून डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी फाटकातच माझ्या कमरेला मिठी. मावशींनी बोटं सोडवून आत नेलं. चौथ्या दिवसापासून रडणं थांबलं. सगळे म्हणाले, बघ, रुळला. पण तो रुळलेला नाही. शाळेत तोंडच उघडत नाही. बाईंनी नाव विचारलं तरी खाली बघतो. डबा जसाच्या तसा परत येतो, पाण्याची बाटलीही भरलेलीच. घरी आला की मात्र भडाभडा बोलतो. खुर्च्या ओळीत लावून गाडी करतो, "तासगाव, विटा, बसून घ्या" म्हणून ओरडतो, आजीकडून सुट्टे मागतो. शब्द सगळे येतात, उच्चारही स्वच्छ. शाळेत तेच तोंड बंद.

आणि मला नजरेआड होऊ देत नाही. अंघोळीला गेले तर दाराला पाठ लावून बसतो. रात्री माझ्या ओढणीचा कोपरा मुठीत धरून झोपतो, सोडवला की जागा होतो.

माझी ड्यूटी अशी की पहाटेची गाडी असली तर पावणेपाचला घर सोडावं लागतं, तेव्हा तो झोपलेला. वस्तीची गाडी असली तर रात्र खेड्यातच, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. मग शाळेत सासूबाई सोडतात. सासूबाईंचं म्हणणं, लहान आहे, एक वर्ष घरी राहू दे. ३१ डिसेंबरच्या वयाच्या नियमात तो बसतो, पण वर्गात सगळ्यात लहानांपैकी आहे हे खरं. नवरा म्हणतो, आता काढला तर पुढच्या वर्षी याहून जास्त रडेल.

बाई म्हणाल्या तशी नजर चुकवून जाणंच बरोबर असतं का? शाळेत बोलत नाही म्हणून कुणाला दाखवावं का? आणि वर्षभर थांबावं का? ज्यांनी यातून मूल नेलंय त्यांनी सांगा. बाईंना दोष देण्यासाठी लिहीत नाहीये, पस्तीस मुलं आणि एक मावशी एवढ्यावर त्यांनाही वर्ग चालवायचा असतो.

---

दोन मुलांचा बाबा, नाशिक | २४ जून, रात्री ११.२०

ताई, एवढं मनावर घेऊ नका. आमची दोन्ही पोरं पंधरा दिवस रडली आणि सोळाव्या दिवशी पळत गेली. आपण सगळे असेच शाळेत गेलो. आईवडील फाटकाशी घुटमळले की मुलाला कळतं, मग ते जास्त करतं. एकदा सोडलं की मागं वळून बघायचं नाही. महिन्यानं तुम्हीच इथं येऊन लिहाल की रविवारीसुद्धा शाळेत जायचं म्हणतोय.

---

बालवाडीवाल्या काकू, डहाणू | २५ जून, सकाळी ६.४०

अगं, तुझं लिहिलेलं रात्रीच वाचलं. बालवाडीत मी ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

नजर चुकवून जायचं नाही. कधीच नाही. आम्हीही सुरुवातीला तेच सांगायचो, कारण त्या दिवशीपुरता वर्ग शांत राहतो. पण त्या शांततेची किंमत मूल घरी मोजतं. मूल खेळात रमलं आणि मान वर केली तर आई गायब. त्यातून ते एकच शिकतं, की रमलं की आई जाते. मग ते रमायचंच बंद करतं. तुझा मुलगा मोरीच्या दाराशी पाठ लावून बसतो तो हट्ट नाही, पहारा आहे. पहिल्या दिवशी पहारा ढिला पडला आणि आई गेली, हे त्याच्या लक्षात आहे.

सांगून निघालीस तर तो रडेल. रडू दे. समोर रडलेलं मूल बाईंच्या कडेवर पाचदहा मिनिटांत शांत होतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. निरोप छोटा ठेव आणि रोज तोच ठेव, तेच शब्द, तेच हातवारे. निरोप घेतल्यावर मात्र परत फिरायचं नाही, एवढं नाशिकच्या बाबांचं बरोबर आहे. "लगेच येते" म्हणू नकोस, कारण तू लगेच येणार नाहीस. "साडेअकराला येते" हेही त्याला कळायचं नाही, घड्याळ त्याच्यासाठी अजून जन्मलेलं नाही. शाळेत काय कशानंतर होतं ते बाईंकडून विचारून घे आणि त्या क्रमात सांग. प्रार्थना, मग ठोकळे, मग डबा, मग गाणी, मग आई. किंवा मग आजी. जी येणार तिचंच नाव घ्यायचं.

आता एक गोष्ट जपून सांगते. पावणेपाचला तो झोपेत असताना तू निघतेस, तेही त्याच्या लेखी न सांगता जाणंच आहे. तुझी ड्यूटी आहे, तुला दोष नाही. पण आदल्या रात्री झोपवताना सांगत जा, "उद्या तू उठशील तेव्हा मी गाडीवर असेन, आजी दूध देईल." कळत नाही असं वाटतं, पण कळतं त्यांना.

बोलण्याचं म्हणशील तर घाबरू नकोस. घरी भरपूर बोलणारी काही मुलं परक्या ठिकाणी गप्प होतात. त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, पण शाळेचा पहिला महिना त्यात धरतच नाहीत, तो सगळ्यांचाच बावरण्याचा काळ. महिना उलटून गेला, घरी बोलतोय आणि शाळेत अवाक्षर नाही असंच राहिलं, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचार. तोवर "बाईंना नाव सांग बघू" हे सगळ्यांनी बंद करायचं. गप्प मुलाला बोल म्हटलं की ते आणखी आत जातं.

वर्षभर थांबावं का, हे तुझ्या घरानं ठरवायचं. फक्त हिशोब सांगते. तो ४४ महिन्यांचा आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत जन्मलेलं मूल त्याच वर्गात ५३ महिन्यांचं असेल. म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं मोठं. त्याची त्या मुलाशी तुलना घरात कुणी करू नका. मी असते तर आणखी महिनाभर पाहिलं असतं आणि मग ठरवलं असतं.

आमच्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा वस्त्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आज तुझ्या घरी खुर्च्यांची एसटी होते ना, तसंच एक दिवस खुर्च्यांची शाळा कर. तो बाई होईल, तू मूल हो. तू आईला सोडायच्या वेळी रड. तो काय करतो ते बघ, त्याच्या मनात काय आहे ते तिथं बाहेर येईल.

---

मराठवाड्याची लेक, परभणी | २५ जून, सकाळी ९.१५

काकूंनी सगळं सांगितलंच आहे. मला एकच विचारायचंय. पाण्याची बाटलीसुद्धा भरलेलीच परत येते असं लिहिलंत. शाळेत तो शू कुठं करतो, आणि शू आली हे कसं सांगतो? माझी मुलगी नर्सरीत पाणी प्यायचीच नाही. तिला वाटायचं पाणी प्यायलं की शू येईल आणि तिथं ती सांगता येणार नाही. उन्हाळ्यात लघवीला जळजळ होऊन डॉक्टरकडे न्यावं लागलं, तेव्हा आम्हाला कळलं. एकदा विचारून बघा.

---

येनाकर, जर्मनी | २५ जून, दुपारी २.३०

मूळचा कोल्हापूरचा, सहा वर्षं येना शहरात आहे. मुलगी तीन वर्षांची झाल्यावर इथल्या किंडरगार्टनला घातली तेव्हाचा अनुभव सांगतो, कारण तुमचा पहिला प्रश्न आम्हालाही पडला होता.

इथं मुलाला रुळवण्यासाठी रीतसर काळ ठेवलेला असतो, आइनगेव्योनुंग म्हणतात. अनेक ठिकाणी बर्लिनची पद्धत वापरतात. पहिले तीन दिवस मी मुलीबरोबर वर्गात नुसता एका कोपऱ्यात बसून होतो, तासभर. तिला खेळवायचं नाही, ढकलायचंही नाही, फक्त दिसत राहायचं. चौथ्या दिवशी पहिल्यांदा "मी बाहेर जाऊन येतो" असं तिला सांगून वर्गाबाहेर पडलो, ते जास्तीत जास्त अर्ध्या तासासाठी. बाईंनी समजावल्यावर मूल शांत होतंय का ते बघतात आणि त्यावर पुढचं ठरतं. काही मुलांचं आठवड्यात जमतं, काहींना दोनतीन आठवडे लागतात. आमच्या मुलीला तीन लागले, शिवाय तिला तेव्हा जर्मन येत नव्हतं. न सांगता निघून जायचं नाही, हे पहिल्याच भेटीत बजावलं होतं.

यासाठी आम्हाला सुट्टी घेता आली, सगळ्यांना येत नाही याची कल्पना आहे. पण निदान दोन दिवस, अर्धा तास, वर्गात बसू देता का, असं बाईंना विचारून बघा. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलनं १८४० मध्ये किंडरगार्टन हे नाव दिलं ते गाव, बाड ब्लांकेनबुर्ग, आमच्यापासून जवळच आहे. मुलांची बाग असा त्या शब्दाचा अर्थ. बागेत रोप लावलं की आठ दिवस त्याला हात लावत नाहीत, आमच्या आजीचं वाक्य आठवलं.

---

बिल्लेवाली, सांगली | २७ जून, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वस्तीच्या गाडीवर होते, तिथं रेंज नव्हती.

नाशिकचे दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण "सगळेच रडतात" म्हटलं की माझा मुलगा का रडतो हे बघायचं राहून जातं. तो तर आता रडतही नाही, तेच मला जास्त लागतंय.

परभणीच्या ताई, तुमचे पाय धरायला हवेत. काकूंनी सांगितलं तशी आज घरी शाळा केली. तो बाई झाला. मी मूल होऊन म्हटलं, "बाई, शू आली." त्यानं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "असं नाही म्हणायचं. मे गो म्हण." मी पुन्हा म्हटलं, "शू आली." तर म्हणाला, "मे गो म्हण, नाहीतर बस तिथं." मग स्वतःच गप्प झाला आणि माझ्या मांडीवर येऊन बसला.

वर्गात "मे आय गो टु टॉयलेट" असं म्हणायला शिकवतात. त्याला ते आख्खं वाक्य येत नाही. घरी आम्ही शू म्हणतो, शी म्हणतो. ज्या दिवशी त्यानं सांगितलं असेल त्या दिवशी त्याला ते वाक्य म्हणायला लावलं असणार. तो पाणी पीत नव्हता, डबा खात नव्हता, बोलत नव्हता, ते सगळं याच एका गोष्टीत अडकलेलं होतं की काय कोण जाणे. तीन तास ते एवढंसं पोर शू धरून बसत होतं. मला बाईंचा राग आला नाही असं म्हणणार नाही. आला.

पण उद्या भांडायला जाणार नाही. सांगायला जाणार आहे.

---

बालवाडीवाल्या काकू, डहाणू | २७ जून, रात्री १०.०५

जा आणि शांतपणे सांग. बाईंना म्हण, "त्याला अजून वाक्य येत नाही, तो शू म्हणेल किंवा करंगळी दाखवेल, तेवढं चालवून घ्या." बहुतेक बाई ऐकतात गं, त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं. मुलाला पहिल्या पंधरा दिवसांत शाळेतली दोनच ठिकाणं माहीत हवीत, शू कुठं करायची आणि रडू आलं तर कुणाकडे जायचं. बाकीचं शिक्षण त्यानंतर. त्याला स्वतः नेऊन ती जागा दाखव, कडी कशी लावतात, मग्गा कुठं असतो ते सगळं.

आणि तुझी एखादी छोटी वस्तू त्याच्या खिशात दे. रुमाल वगैरे. तू परत येणार याची खूण म्हणून.

---

बिल्लेवाली, सांगली | १९ जुलै, दुपारी ३.१०

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, पुढचं सांगायलाच हवं.

बाईंना भेटले. त्या ऐकून घेत गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मला वाटलं तो हट्ट करतोय." त्यांनी त्याच दिवशी वर्गात सगळ्या मुलांना करंगळीची खूण शिकवली. वर्गात बसायला मात्र परवानगी मिळाली नाही, बाकीचे पालकही मागतील म्हणाल्या. पण शाळा सुटल्यावर दहा मिनिटं त्याला घेऊन रिकाम्या वर्गात थांबू दिलं, तीन दिवस. ठोकळे कुठं ठेवतात, चपला कुठं, मोरी कुठं, ते त्यानं मला दाखवलं. कडी त्याच्या हाताला पोचत नाही, तर मावशी म्हणाल्या, दार नुसतं लोट, मी उभी राहते.

काकूंनी खिशातल्या वस्तूचं सांगितलं त्यावरून मला एक सुचलं. माझे वडीलही कंडक्टर होते. तेव्हा मशीन नव्हती, ट्रेमध्ये कागदी तिकिटांच्या गड्ड्या असायच्या आणि तिकीट फाडून पंच मारायचे. त्यांचा पंच माझ्याकडे आहे. मुठीत दाबला की टक असा आवाज येतो, रिकामा असला तरी वडील बोलताना तो वाजवत बसायचे. लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून मी तिकिटं केली. रोज सकाळी फाटकाशी मी एक तिकीट काढते आणि एक भोक पाडते. म्हणते, "हे जायचं. यायचं भोक मी आल्यावर." तिकीट त्याच्या चड्डीच्या खिशात. साडेअकराला तो ते काढून पुढे धरतो आणि मी दुसरं भोक पाडते.

पहिल्या दिवशी सांगून निघाले तेव्हा खूप रडला. मी वळले नाही. अकरा वाजता मावशींना फोन केला, म्हणाल्या, "केव्हाच थांबला. तिकिटाच्या भोकातून बघत बसलाय सगळ्यांना."

शाळेतला त्याचा पहिला शब्द ४ जुलैला आला. बाईंनी मला थांबवून सांगितलं. बाईंचा पदर ओढून म्हणाला, "शू." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांच्याबद्दल जे वाटत होतं ते तिथं बरंचसं विरलं. आता शेजारी बसणाऱ्या मुलीशी बोलतो, बाईंशी मान हलवून. मोठ्यानं अजून नाही. महिना झालाय, पण रोज थोडं पुढं सरकतंय म्हणून डॉक्टरांकडे अजून गेलो नाही. ऑगस्टमध्येही एवढंच राहिलं तर जाणार. डबा अर्धा संपतो, बाटली रिकामी येते. घरी ठेवायचा विषय सासूबाईंनीच परत काढला नाही.

आदल्या रात्री सांगायचं ठरवल्याप्रमाणे सांगते. पहाटेची ड्यूटी असली की तिकिटाला भोक रात्रीच पाडून उशाशी ठेवते. पहिल्यांदा केलं तेव्हा त्यानं विचारलं, "अंधारात जाणार?" म्हटलं, हो. म्हणाला, "मग लाइट लावून जा." आता पावणेपाचला निघताना देवाजवळचा छोटा दिवा लावून निघते. तो उठतो तेव्हा दिवा बघून आजीला सांगतो, आई गाडीवर गेली.

अवघड गेली ती वस्तीची ड्यूटी. गेल्या मंगळवारी दुपारी गाडी घेऊन गेले, ती बुधवारी परत येणार. मंगळवारी सकाळी त्याला सांगितलं होतं की आज यायचं भोक उद्या पडेल, आज शाळेतून आजी आणेल. तो काहीच बोलला नाही. रात्री मुक्कामाच्या गावी मला झोप लागली नाही. ड्रायव्हर काका म्हणाले, घरी फोन कर. मी केला नाही, आवाज ऐकून तो उठून बसला असता.

बुधवारी आगारात कॅश भरून घरी यायला पाऊण वाजला. तो उंबऱ्यातच बसला होता. सासूबाई म्हणाल्या, चड्डी बदलू देत नव्हता, कालपासून तीच घालून आहे, शाळेतही त्यातच गेला. त्यानं खिशात हात घातला. तिकीट घामानं आणि पावसानं मऊ झालं होतं, कोपरे गेलेले. ते हातावर सरळ करून माझ्यापुढे धरलं.

पंच आत कपाटात होता. तो म्हणाला, "मी थांबतो, तू आण."